दोन स्टंप, एक बेल आणि वाकडी बॅट : १७४४ च्या क्रिकेट संचाचं परीक्षण

हातात घेतल्याबरोबर ही बॅट हॉकी स्टिकची थोरली, जाडजूड बहीण वाटते. दांडा गोल आणि लांब, खालचं टोक पुढे वळलेलं, सगळं वजन त्या वळणात. वेताची मूठ नाही, सांधा नाही. एकाच लाकडातून कोरलेली सलग वस्तू. लंडनच्या ओव्हल मैदानावर १७२९ सालची एक बॅट जपून ठेवलेली आहे, तीही याच कुळातली. ही बॅट, दोन स्टंपांची विकेट आणि तिच्यावर आडवी बेल, म्हणजे छोटी दांडी, असा १७४४ च्या मापाचा संच करून घेऊन त्यावर खेळलं तर काय जमतं, काय बिघडतं आणि का, ते इथे मांडलं आहे. क्रिकेट कसं घडलं हे समजून घ्यायला याच्याइतकं चांगलं खेळणं दुसरं नाही. आजच्या नियमांपैकी अर्धेअधिक नियम म्हणजे या संचात सापडलेल्या खोड्यांची दुरुस्ती आहे, आणि त्या सगळ्या खोड्या एका रविवारच्या सकाळीत तुमच्याही हाती लागतात.

हा संच तयार मिळण्याची वाट पाहू नका, सुताराला गाठा. मापं मिळतात ती १७४४ साली इंग्लंडमध्ये ठरलेल्या नियमांतून. ते नियम रुमालाच्या कडेनं छापलेले असत. असा एक रुमाल लंडनच्या लॉर्ड्स मैदानावर, एमसीसी या जुन्या क्लबच्या संग्रहात आहे. वापराची माहिती खिशात राहते आणि घाम आला तर तिनंच कपाळ पुसता येतं, ही सोय फार आवडली. संच करून घ्याल तेव्हा नियम मराठीत लिहून सुती रुमालावर छापून घ्या, मैदानावर वाद झाला की उपयोगी पडतो.

एका सामन्याला लागतं ते एवढं : दोन बॅटी, चार स्टंप, दोन बेल, एक चेंडू, क्रीज कापायला खुरपं, धावा मोजायला एक काठी आणि चाकू. पॅड, ग्लोव्हज, हेल्मेट यांतलं काहीही १७४४ मध्ये नव्हतं. पण नडगीला पातळ पॅड बांधा आणि त्यावर पायजमा घाला. चेंडू जमिनीलगत येतो आणि कातडी चेंडू नडगीवर बसला की इतिहासाचं प्रेम ओसरतं.

मैदान आणि मोजणी

दोन विकेटींमधलं अंतर २२ यार्ड. जुन्या संचातलं हे माप आजही जसंच्या तसं आहे. २२ यार्ड म्हणजे ६६ फूट, म्हणजेच जमीन मोजायची गंटरची साखळी, जी एडमंड गंटर या इंग्रज गणितज्ञानं सतराव्या शतकात रूढ केली. आपला गुंठा ३३ बाय ३३ फुटांचा. म्हणजे खेळपट्टी बरोबर दोन गुंठ्यांच्या बाजूंइतकी लांब. चार गुंठ्यांचा चौकोनी तुकडा मोकळा असेल तर एका बांधाला एक विकेट आणि समोरच्या बांधाला दुसरी रोवा, टेप लागणारच नाही.

जमिनीच्या मोजणीशी या खेळाचं नातं त्याहून जुनं आहे. क्रिकेटचा सर्वांत जुना खात्रीचा उल्लेख सापडतो तो इंग्लंडमधल्या गिल्फर्ड गावी एका जमिनीच्या दाव्यात. त्या वेळच्या पंचांगाप्रमाणे साल १५९७. जॉन डेरिक नावाच्या ५९ वर्षांच्या गृहस्थानं साक्ष दिली की, शाळेत असताना आपण आणि आपले सोबती याच जागेवर ‘क्रेकेट’ खेळत होतो. म्हणजे १५५० च्या आसपास. सात-बाराच्या उताऱ्यासाठी हेलपाटे घातलेल्या कुठल्याही मराठी माणसाला हा जन्मदाखला आपुलकीचा वाटावा : एवढ्या थोर खेळाची पहिली नोंद, आणि ती ‘ही जागा कुणाची’ या भांडणात!

क्रीज चुन्यानं आखायची नाही, गवत खरवडून कापायची. पॉपिंग क्रीज, म्हणजे फलंदाजानं जिच्या आत राहायचं ती रेघ, विकेटपासून ३ फूट १० इंच, म्हणजे ११७ सेंटिमीटर पुढे. आजच्या ४ फुटांपेक्षा थोडी आखूड. खुरप्यानं दोन बोटं रुंद आणि अर्धा इंच खोल चर पुरतो. जास्त खोल केलात तर धावताना बॅटचं वाकडं टोक त्यात अडकतं आणि धावणारा तोंडघशी पडतो. पावसाळी मैदानात हे हमखास होतं.

स्टंप आणि बेल

संचातला सगळ्यांत मजेचा आणि सगळ्यांत सदोष भाग हाच. स्टंप जमिनीवर २२ इंच, म्हणजे ५६ सेंटिमीटर (आज २८ इंच असतात). जमिनीत रोवायला आणखी १५ सेंटिमीटर धरून सुताराला ७१ सेंटिमीटरचे तुकडे सांगा. जाडी अडीच सेंटिमीटर. वरच्या टोकाला बेचकं, त्यात ६ इंचांची एकच बेल आडवी.

बेचकं किती खोल ठेवायचं यावर सगळा खेळ अवलंबून आहे. सुतार आपल्या हिशोबानं ते चांगलं खोल कापतो, बेल पडू नये म्हणून! इथे तर ती पडायला हवी. खोली अर्धा सेंटिमीटर पुरे, आणि आतली बाजू सँडपेपरनं घासून गुळगुळीत करा. नाहीतर चेंडू स्टंपावर आदळतो, एक टोक सुटतं, दुसरं बेचक्यात लटकून राहतं. १७४४ चा नियम स्पष्ट सांगतो की बेल एका स्टंपावर लटकली तर चेंडू विकेटला लागूनही फलंदाज नाबाद. हा नियम वाचताना विचित्र वाटतो. खोल बेचक्याचे स्टंप घेऊन दहा मिनिटं खेळा, तो का लिहावा लागला ते डोळ्यांनी दिसेल.

आता मोठा दोष. बेल ६ इंचांची, म्हणजे १५.२ सेंटिमीटर. स्टंपांची जाडी वजा केली तर मधली फट सुमारे १० सेंटिमीटर उरते. चेंडूचा व्यास ७.२ सेंटिमीटर. चेंडू आरामात मधून जातो, आणि बेल जागची हलत नाही! हिशोब केला तर विकेटच्या रुंदीत सारखे विखुरलेले चेंडू आले, तर पाचांपैकी साधारण एक कशालाही न लागता आरपार निघेल. गोलंदाज जितका अचूक तितकं त्याचं नुकसान जास्त, कारण अगदी मधोमध टाकणाऱ्यालाच ही शिक्षा.

हेच घडलं २२ मे १७७५ रोजी लंडनच्या आर्टिलरी ग्राउंडवर, पाच-पाच जणांच्या सामन्यात. गोलंदाज लम्पी स्टीव्हन्स, त्या काळचा सर्वांत अचूक. समोर हॅम्बल्डन या इंग्लिश गावच्या संघाचा जॉन स्मॉल, शेवटचा गडी, जिंकायला १४ धावा हव्या. लम्पीचा चेंडू एकदा, दोनदा नव्हे, तीनदा स्मॉलच्या दोन स्टंपांमधून गेला. स्मॉलनं राहिलेल्या धावा काढून सामना जिंकला. त्यानंतर मधला तिसरा स्टंप आला. आज ‘मिडल स्टंप उडाला’ म्हणून आपण ओरडतो, त्या ओरडण्यावर लम्पीचा हक्क आहे.

बॅट

विलोच घ्या, काश्मीर विलो चालेल. लाकूड वाळलेलं हवं. लांबी ९५ ते १०० सेंटिमीटर, वजन पावणेदोन ते दोन किलो. जुन्या काळी सव्वादोन किलोपर्यंतच्या बॅटी होत्या. आजची बॅट साधारण १.१ ते १.३ किलोची असते, तेव्हा खांद्याला फरक लगेच कळतो. सरळ फळीतून वळण कापून काढू नका. लाकडाची रेघ वळणावर आडवी तुटते आणि चार फटक्यांत बॅटची टाच तिथूनच फुटते. मुळातच वाकलेला ओंडका शोधा, रेघ वळणाबरोबर वळत गेलेली दिसली पाहिजे. तसा मिळाला नाही तर वळण जेमतेम ठेवा, पाच-सहा सेंटिमीटरचं. जवसाचं तेल दोन वेळा पातळ हातानं लावा. दांड्याला सुती दोरी घट्ट गुंडाळा, तरीही पहिल्या तासाला हातांना झिणझिण्या येतात, कारण धक्का शोषायला वेत आणि रबर मध्ये नाही.

बॅट वाकडी का? कारण गोलंदाजी खालून. हात खांद्यावर जात नाही. गुडघा वाकवून चेंडू जमिनीलगत सटकवायचा, तो गवतावरून सरपटत किंवा बारीक टप्पे घेत येतो. अशा चेंडूला सरळ बॅट निरुपयोगी आणि वाकडी बॅट उत्तम. फटका उभा नसतो, झाडू मारल्यासारखा आडवा असतो. लहानपणी विटी कोललेली माणसं ही बॅट चटकन आपलीशी करतात. नेटमध्ये घडलेले फलंदाज कोपर उंच करून उभे राहतात आणि चेंडू बॅटच्या टाचेखालून निघून जातो.

एक गोष्ट गोलंदाजाला आधीच बजावून ठेवा : टप्पा टाकायचा नाही. चेंडू एकदा चांगला उसळला की या बॅटनं तो खेळताच येत नाही. १७६० च्या सुमारास इंग्लंडमधल्या गोलंदाजांना हे उमगलं, ते चेंडू हवेतून देऊन टप्पा पाडू लागले आणि वाकडी बॅट पाहता पाहता बाद झाली. सरळ बॅट रुजवण्याचं श्रेय दिलं जातं ते पीटर्सफिल्डच्या जॉन स्मॉलला, त्याच स्मॉलला, ज्याचे स्टंप लम्पीला पडेनात. हा गृहस्थ बॅटी आणि चेंडू बनवून विकायचाही.

१७४४ च्या नियमांत बॅटच्या रुंदीवर एक अक्षर नाही. म्हणून रुंदी आपसांत ठरवून घ्या, आधीच. २३ सप्टेंबर १७७१ ला चर्ट्सी संघाकडून खेळणारा रायगेटचा थॉमस व्हाइट हॅम्बल्डनविरुद्ध विकेटइतकी रुंद बॅट घेऊन उभा राहिला. नियम मोडला नव्हता, कारण नियमच नव्हता. हॅम्बल्डननं सामना एका धावेनं जिंकला, तरीही स्वस्थ बसले नाहीत. त्यांच्या गोलंदाजानं तक्रार लिहिली, रुंदी सव्वाचार इंच ठरली आणि १७७४ च्या नियमांत ती आली. हॅम्बल्डनवाल्यांनी बॅट घालून तपासायला लोखंडी चौकटही केली होती. आज जगातल्या कुठल्याही सामन्यातली बॅट सव्वाचार इंचांहून, म्हणजे १०.८ सेंटिमीटरहून रुंद नसते, ती व्हाइटच्या एका दुपारच्या धाडसामुळे. सुताराकडून तशीच चौकट प्लायवूडची करून घ्या. गल्लीत एक तरी व्हाइट असतोच.

एलबीडब्ल्यू, म्हणजे पायचीतही नाही. पाय आडवा घाला, चेंडू अडवा, कुणी काही म्हणणार नाही. ही दुरुस्तीसुद्धा १७७४ ची. अर्ध्या तासात कुणाला तरी ही पळवाट सापडते आणि मग खेळ कंटाळवाणा होतो, म्हणून सुरुवातीलाच तोंडी करार करा की मुद्दाम पाय घालायचा नाही.

चेंडू आणि षटक

वजन ५ ते ६ औंस, म्हणजे १४२ ते १७० ग्रॅम. आजचा १५६ ते १६३ ग्रॅमचा साधा कातडी चेंडू याच मापात बसतो, नवा करवून घेण्याची गरज नाही. थोडा वापरलेला घ्या, नवा फार वेगानं सरपटतो. सामन्याआधी अंपायरनं चेंडूवर खूण करायची असते, बदलाबदली होऊ नये म्हणून. मोठमोठ्या पैजा लागत, तेव्हा ही काळजी रास्तच होती.

षटक चार चेंडूंचं. खेळ भराभर बाजू बदलतो आणि क्षेत्ररक्षकांना चालणं फार होतं. वाइड नाही, सीमारेषा नाही. सगळ्या धावा पळूनच काढायच्या. चेंडू शेजारच्या ज्वारीत गेला तर तो सापडेपर्यंत पळत राहा.

नियमावलीतली काही रत्नं आणि त्यातले धोके

यष्टिरक्षकानं आवाज करून फलंदाजाला त्रास देऊ नये, असं १७४४ मध्ये लिहून ठेवलं आहे. स्टंप माइकवरून आजच्या यष्टिरक्षकांची अखंड बडबड ऐकणाऱ्यांनी हे कलम आवर्जून वाचावं. दुखापत झाली तर ती खरी की सोंग, हे ठरवण्याचा अधिकार अंपायरचा. नवा फलंदाज दोन मिनिटांत हजर हवा. हे कलम धूळ खात पडलंय असं वाटत असतानाच २०२३ च्या विश्वचषकात दिल्लीत श्रीलंकेच्या अँजेलो मॅथ्यूजला तीच दोन मिनिटांची मर्यादा ओलांडली म्हणून बाद दिलं गेलं.

धोक्याचं कलम वेगळंच आहे. चेंडू उंच उडाला तर फलंदाज आपल्या धावण्याच्या वाटेत राहून झेलात अडथळा आणू शकतो, आणि सरळ मारलेला चेंडू गोलंदाजानं झेलू नये म्हणून समोरचा जोडीदार स्वतःचं अंग मध्ये घालू शकतो. हात लावायचा नाही, बॅट मारायची नाही, अंग चालेल. मोठ्या माणसांत यातून कपाळाला कपाळ आपटतं. हे कलम वगळून खेळा, अशीच आमची शिफारस आहे.

मात्र एक कलम कधीही वगळू नका : एकदा टोलवलेला चेंडू विकेटकडे येण्याआधी मुद्दाम दुसऱ्यांदा मारला तर बाद. १६२४ मध्ये ससेक्समधल्या हॉर्स्टेड केन्स गावी जॅस्पर विनॉल नावाचा माणूस झेल घ्यायला पुढे धावला, आणि फलंदाजानं त्याच चेंडूवर दुसऱ्यांदा फिरवलेली बॅट त्याच्या डोक्यात बसली. त्यात तो गेला. दोन किलोची वाकडी बॅट आडवी फिरते तेव्हा तिच्या टप्प्यात कुणीही नको. क्षेत्ररक्षक किमान पाच मीटर लांब, लहान मुलं त्याहून लांब. त्याआधी दोनच वर्षं ससेक्समधल्याच बॉक्सग्रोव्हच्या चर्चच्या आवारात खेळणाऱ्यांवर तक्रार झाली होती, ती याच भीतीपोटी : खिडक्या फुटतील, आणि एखाद्या लेकराचं डोकं.

सामना घेताना इंग्लंडमधल्या एका सामन्यासाठी झालेल्या १७२७ च्या करारातलंही एक कलम उसनं घ्यावं. ड्यूक ऑफ रिचमंड आणि ब्रॉड्रिक यांनी आपापले बारा-बारा गडी उतरवण्याआधी लिहून घेतलं होतं की, खेळाच्या मुद्द्यावर कुणी खेळाडू मत देऊ लागला तर तो सामन्यातून बाहेर. मुभा फक्त ड्यूक आणि ब्रॉड्रिक यांना. आपल्याकडच्या कुठल्याही सोसायटी क्रिकेटला हे कलम लगेच लागू करण्यासारखं आहे. त्या करारातली २३ यार्डांची खेळपट्टी मात्र घेऊ नका. गुंठ्याचा हिशोब बिघडतो.

धावा कशा मोजायच्या

धावेला ‘नॉच’ म्हणत, म्हणजे काठीवरची खाच. बोटभर जाडीची सरळ ओली काठी घ्या, वाळलेली फुटते. दर धावेला एक खाच, दहावी खाच लांब आणि खोल. दोन्ही संघांच्या काठ्या वेगळ्या ठेवा. चाकू फक्त मोठ्या माणसाच्या हातात. चूक झाली तर खाच पुसता येत नाही, त्यामुळे मोजणारा फार सावध राहतो आणि भांडणं कमी होतात.

मोठ्या धावसंख्येची अपेक्षा ठेवू नका. १८ जून १७४४ ला आर्टिलरी ग्राउंडवर केंट आणि ऑल इंग्लंड खेळले, त्याचा धावफलक आजही उपलब्ध आहे. ऑल इंग्लंड ४० आणि ७०, केंट ५३ आणि ९ बाद ५८. चारही डाव मिळून २२१, आणि निकाल एका विकेटनं. हा संच वापरून अकरा जणांचा डाव पन्नाशीत आटोपला तर संच बरोबर बनला आहे, असं समजा.

घ्यावा का?

शाळांनी जरूर घ्यावा. क्रीडाशिक्षक आणि इतिहासाचे शिक्षक दोघांनी मिळून घेतला तर उत्तम. एका सामन्यात मुलांना एलबीडब्ल्यू, तिसरा स्टंप आणि बॅटची रुंदी हे तिन्ही नियम पाठ न करता कळतात. क्लबांना वार्षिक स्नेहसामन्यासाठी छान. रोजच्या खेळासाठी नको. हात दुखतात आणि टप्पा टाकायचा मोह गोलंदाजांना फार काळ आवरत नाही. आणि हा खेळ आपल्या किनाऱ्यालाही परका नाही. १७२१ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजावरचे खलाशी खंभातच्या किनाऱ्यावर क्रिकेट खेळल्याची नोंद आहे, म्हणजे हिंदुस्थानात सर्वांत आधी पोचला तो खालून टाकलेल्या चेंडूंचा खेळ. मराठीत नंतर त्याला ‘चेंडूफळी’ हे नाव मिळालं, तोवर बॅट खरोखरच फळीसारखी सरळ झाली होती.

सुताराला ऑर्डर देताना चार नव्हे, सहा स्टंप सांगा. जास्तीच्या दोघांना बेचकं नको, उंची जराशी कमी, माथा सपाट आणि बेलच्या किंचित खाली राहील असा. पहिल्या सामन्यात ते पिशवीतच ठेवा आणि कुणाला त्यांच्याबद्दल सांगू नका. एखादी सरळ टाकणारी पोरगी किंवा पोरगा तिसऱ्यांदा दोन स्टंपांमधून चेंडू काढेल आणि अंपायरकडे बघत उभा राहील, तेव्हा बाहेर काढा.